घाबरायच्या दोन तऱ्हा

माझ्या हातून आजवर ज्या सह्या झाल्या, त्यांतल्या बहुतेक मी कागद न वाचता केल्या. लग्नाच्या नोंदणीत मी सासऱ्यांच्या नावासमोर सही ठोकली होती आणि सासरे बिचारे गर्दीत पेन शोधत उभे होते. घरात त्यावरून अजून हसतात. पण एक सही अशी झाली की तिच्यावर कोणी हसलं नाही. त्या सहीने एक माणूस जवळजवळ गेलाच होता. तो परत आला कमलताई उपासनींमुळे. आणि कमलताई तर आमच्या अख्ख्या कारखान्यातली सगळ्यात भित्री बाई. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणत असे. त्या "हो ना, भितेच मी," म्हणत आणि पुढचा नग उचलत.

गेल्या आठवड्यात अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. झाडावरून धाग्याला लटकत एक हिरवी अळी थेट माझ्या नाकासमोर उतरली. मी खुर्चीसकट मागे पडलो. सून हसून म्हणाली, बाबा, केवढीशी ती. मी पडल्या पडल्या तिला विचारलं, आधी बघ, ती कशी घाबरली? सुनेला वाटलं डोक्याला मार लागला.

म्हणून हे लिहायला बसलो.

जबलपूरला आमचा कारखाना म्हणजे तोफगोळ्याच्या नाकात बसणारे फ्यूज करणारा. मी निरीक्षण विभागात सुपरवायझर, कमलताई तिथेच एक्झामिनर. तयार झालेला प्रत्येक फ्यूज भिंगाखाली बघायचा आणि ठीक असेल तर आपल्या नंबराचा ठसा मारायचा, हे त्यांचं काम. बाकीच्यांचे ठसे टेबलावर लोळत असत. कमलताईंचा ठसा पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेला असे. जेवताना, हात धुताना, रिक्षात बसताना त्यांचा एक हात त्या गाठीवर. मला आधी वाटलं बाईंनी पदरात दागिना बांधलाय.

जबलपुरात राहणाऱ्याला धडाम् आवाजाचं काही वाटत नाही. पलीकडे रेंजवर तोफांची चाचणी चाले, दिवसातून दहा-वीसदा खिडक्यांच्या काचा थरथरत. नवा पाहुणा दचके, घरचा माणूस चहा ओतत राही. कमलताई मात्र दर आवाजाला हातातलं ठेवून टेबलाची कड दोन्ही हातांनी धरत, मान खाली घालून डोळे मिटत आणि ओठांतल्या ओठांत वीसपर्यंत मोजत. मग पुन्हा काम. दिवसातून दहा-वीसदा. मी नवा होतो तेव्हा त्यांची नक्कल करून दाखवत असे. विभागात ती फार लोकप्रिय होती. एकदा एका म्हाताऱ्या फिटरने मला बाजूला घेऊन सांगितलं की उपासनी भैया दारू भरायच्या शेडमध्ये स्फोटात गेले, त्या दिवशीचा पहिला आवाज असाच रोजच्यासारखा होता. ताईजी घरी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. ॲम्ब्युलन्सची घंटा वाजली ती थोड्या वेळाने, वीस मोजावेत इतक्या.

नवऱ्याच्या जागी त्यांना नोकरी मिळाली होती. त्यानंतर मी नक्कल केली नाही. एकदा केली, पण ती सवयीने.

त्यांच्या भीतीची यादी मोठी होती. पाल, कुत्रा, साहेब, जिना उतरणं, तारवाला, आणि सगळ्यात जास्त अळ्या. भाजीत हिरवी अळी निघाली तर त्या अख्खी भाजी शेजारणीला देऊन टाकत. पण फ्यूज हातात घेतला की त्यांची एक वेगळीच रीत होती. आधी सरळ धरून बघायच्या, मग उलटा करून. वेळ दुप्पट लागे. मी घाई केली की म्हणायच्या, "सरळ धरलं की आपल्याला जे पाहिजे ते दिसते, वझे भैया. उलटं धरलं की जे आहे ते दिसते."

एकदा एका खेपेवर त्या अडून बसल्या. मोठे साहेब स्वतः आले. काय दोष आहे, असं त्यांनी विचारलं. कमलताईंनी टेबलाची कड धरली आणि सांगितलं की दोष दिसत नाही, पण भीती वाटून राहिली, आजचा दिवस द्या. साहेब वैतागून गेले. चार वाजता एका नगाच्या तळाशी केसाएवढी भेग निघाली. तो नग मी सकाळी बघितला होता. अर्थात सरळ.

मग पासष्ट सालचा सप्टेंबर आला. लढाई लांब सरहद्दीवर, पण आमच्या गावात एवढे कारखाने की पहिला बॉम्ब आपल्यावरच पडणार, अशी प्रत्येकाची खात्री. खिडक्यांना काळा कागद लागला. शिपायांनी चौकात खंदक खणले. त्यांत पावसाचं पाणी साचून बेडूक झाले. कोणी म्हणे नर्मदेकाठी छत्रीवाले सैनिक उतरले, कोणी म्हणे हेर साधूच्या वेशात फिरून राहिले. चेरीतालच्या चौकात भरदुपारी मी स्वतः एका अनोळखी दाढीवाल्याची कॉलर धरली. तो आमच्या मोहल्ल्याचा नवा पोस्टमन निघाला. पुढे वर्षभर माझी पत्रं भिजून येत.

अशा दिवसांत कारखान्याचे साग जळाले.

जळाले म्हणजे तसे दिसले. आमच्याकडे दारूगोळ्याचं कोठार जमिनीत होतं. वर मातीचे उंचवटे आणि त्यांवर सागाची दाट लावणी, हेतू हा की विमानातून बघणाऱ्याला जंगल दिसावं. त्या सागांची हिरवी पानं आठवड्याभरात तपकिरी झाली, कोणी तापलेली इस्त्री फिरवल्यासारखी. हातात धरलं तर पानाच्या जागी नुसती शिरांची जाळी, पलीकडचं आभाळ दिसे. म्हणजे आभाळातून अलीकडचं कोठारही दिसणार. सुरक्षा अधिकारी निवृत्त सूबेदार होते, त्यांच्या मिशा त्या आठवड्यात खाली आल्या. कोणीतरी झाडांवर तेजाब टाकलं, घातपात आहे, असं ठरलं आणि सगळ्यांची चौकशी सुरू झाली.

फग्गन नावाचा माळी होता. कुंडमकडच्या जंगलातला गोंड, बोलणं कमी. रोज सकाळी फाटकाशी तो कमलताईंना पूजेला जास्वंदीची दोन फुलं देई. सूबेदारांनी दरडावल्यावर तो बोलला, "साहब, कीड़े तो मैं ही लाया था."

खरं होतं ते. त्याची सासुरवाडी कुंडमपलीकडे. तिथे साजाच्या, म्हणजे आपल्या ऐनाच्या, झाडांवर कोशाच्या अळ्या पाळतात. त्यांच्या कोषांतून टसर रेशीम निघतं. सासऱ्याकडून त्याने अंडी आणून कँटीनमागच्या तीन साजांवर अळ्या सोडल्या होत्या, घरच्या लुगड्यापुरतं सूत निघेल म्हणून. आणि आता सागांवरही अळ्या सापडल्या होत्या. त्या बिचाऱ्यालाही वाटलं की आपल्याच तिकडे गेल्या.

साहेबांनी मला बोलावलं, कारण माझ्या अर्जात बी.एस्सी., प्राणिशास्त्र असं लिहिलं होतं. कोणत्या श्रेणीत ते लिहिलं नव्हतं. टेबलावर काड्यापेटीचे दोन खोके होते, एकात सागावरच्या अळ्या, दुसऱ्यात साजावरच्या. दोन्हींत अर्ध्या बोटाएवढे हिरवे जीव वळवळत होते. मला अळ्यांची किळस आहे हे मी तिथे सांगणार होतो काय? मी खोके हातभर लांब धरले आणि ज्ञानी माणसासारखी मान हलवली. तेवढ्यात रेंजवर धडाम् झालं, एक अळी माझ्या अंगठ्यावर चढली, मी खोका परत सरकवला आणि म्हणालो, एकच जात आहे साहेब. बाबूने टाइप करून आणलं की दोन्ही खोक्यांतले किडे एकाच जातीचे आहेत. मी सही केली आणि कँटीनला जाऊन दोन समोसे खाल्ले. समोसे चांगले होते, हे आठवतं म्हणून लाज वाटते.

संध्याकाळच्या आत फग्गनला पोलीस घेऊन गेले. तीन साज तोडून जाळले. लढाईच्या दिवसांत अशा गुन्ह्याला काय शिक्षा होते ते कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको तान्हं पोर घेऊन फाटकाबाहेर बसली होती. ती रडत नव्हती. आत जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होती, फक्त.

कमलताई फुलांशिवाय आत आल्या आणि थेट माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"काहून सही केली?"

मी म्हणालो, दिसायला सारख्या होत्या.

"किती वेळ बघितल्या?"

मी सांगितलं की पुष्कळ. त्यांनी माझ्या टेबलावरचा एक फ्यूज उचलून सरळ धरला. मग मी सांगितलं की तसा थोडा वेळ. त्यांनी तो उलटा केला. मग मी खरं सांगितलं.

"उलट्या करून बघितल्या?"

मी म्हणालो, ताई, मी त्या सरळ तरी कुठे बघितल्या.

पुढचा अर्धा तास त्या साहेबांच्या केबिनबाहेर दाराची चौकट धरून उभ्या होत्या. शिपाई दोनदा म्हणाला, जा ना ताईजी. शेवटी त्या गेल्या. मीही मागून शिरलो, कारण न शिरण्याची भीती जास्त होती. दहा दिवसांनी वरून चौकशी समिती येणार होती. तोवर दोन्ही झाडांवरच्या अळ्या मी पाळते, त्यांची पाखरं होऊ द्या, मग ठरवा, असं त्यांनी सांगितलं.

साहेब हसले. "आप तो छिपकली से डरती हैं, कमलाजी."

"जी," त्या म्हणाल्या. "इसीलिए ठीक से देखूँगी."

साहेबांनी परवानगी दिली आणि जाता जाता हेही सांगितलं की अशा वेळी समितीसमोर चुकीचं काही निघालं तर ठसा परत करावा लागेल. कमलताईंचा हात पदराच्या गाठीकडे गेला. सासू आणि त्या, दोघींचं घर त्या गाठीवर चालत होतं.

साज जळाले तेव्हा सूबेदारांच्या पुराव्याच्या खोक्यात सात अळ्या उरल्या होत्या. सागावरून आम्ही अकरा आणल्या. चेरीतालला कमलताईंच्या दोन खोल्या होत्या, तिथे बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे, तोंडाला मलमल बांधून, खिडकीत ठेवले. सासूबाईंनी एकदा आत डोकावलं आणि आपले देव उचलून बाहेरच्या खोलीत नेले. कमलताई फ्यूजचा चिमटा आणि भिंग घेऊन बसत. मलमल सोडायच्या आधी डोळे मिटून घेत, अंगावर शहारा येऊन जाऊ देत, मग उघडत. रोज. मला वाटलं चार दिवसांत सवय होईल. नाही झाली. दहाव्या दिवशीही तो शहारा तेवढाच होता.

पानं आणायचं काम माझ्याकडे, शिक्षा म्हणूनच समजा. सागाची पानं कारखान्यातून मिळत. साज जळले होते, पण कहुआचं, म्हणजे अर्जुनाचं, पान त्या अळ्यांना चालतं असं फग्गनच्या बायकोने फाटकाशी सांगितलं. ओमतीच्या नाल्याकाठी एक कहुआ होता. त्यावर मी ऑफिसच्या पँटमध्ये चढलो. मुंग्या होत्या. खाली एक हवालदार उभा राहिला आणि लढाईच्या दिवसांत झाडावर काय करून राहिले असं विचारू लागला. मी म्हणालो, किड्यांसाठी पानं तोडतोय. त्याने मला तासभर बसवून ठेवलं. पोस्टमनला हे कोणीतरी सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे बघून प्रथमच हसला.

तिसऱ्या दिवशी कमलताईंनी प्रत्येक डब्यातल्या दोन-दोन अळ्या वेगळ्या काढून त्यांना दुसरीचं पान दिलं. सागवालीने कहुआला तोंड लावलं नाही, साजावालीने सागाला. मी टाळी वाजवली, झालं सिद्ध, चला साहेबांकडे. कमलताई म्हणाल्या, "भूक नसेल तर? लग्नानंतर मी तीन दिवस जेवली नव्हती. म्हणून का मी माणसाच्या जातीची नव्हती?"

आणि भिंगाखाली त्या दोघी खरंच इतक्या सारख्या दिसत. हिरवा रंग, तेवढीच लांबी. सागवालीच्या पाठीवर बारीक रेघा, पण त्या कधी दिसत, कधी कात टाकली की पुसट होत. साजावालीच्या अंगावर केसाळ ठिपके, पण एवढ्या वयात तेही शोधावे लागत. कमलताई वहीत लिहीत. त्या वहीत "असे वाटते" हे शब्द फार होते आणि "आहे" हा फार थोडा.

पाचवा दिवस रविवार होता. कमलताई सासूबाईंना दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या आणि मला पानं बदलायला सांगून गेल्या होत्या. दोन्ही डबे मांडीवर घेऊन मी बसलो. मलमल सोडली. आणि नेमका भोंगा वाजला.

सरावाचा भोंगा होता. दर रविवारी दुपारी वाजे. सगळ्या गावाला माहीत होतं, मलाही. पण माझे पाय माझं ऐकत नाहीत. मी मागच्या मागे उडालो, पाठ कपाटाला लागली आणि दोन्ही डबे जमिनीवर पालथे झाले.

अठरा हिरव्या अळ्या एका ढिगात.

मी गुडघ्यावर बसून त्या गोळा केल्या. एक सापडलीच नाही. सतरा अळ्या सांडलेल्या पानांसकट एका परातीत ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत बसलो. तेव्हा मला खरी भीती वाटली. आधीच्या सगळ्या भीत्या तिच्यापुढे करमणूक होत्या. फाटकाशी बसलेल्या त्या बाईचा चेहरा समोर होता आणि परातीत माझी सही वळवळत होती. यातली कोणती कुठली, हे जगात कोणी सांगू शकणार नव्हतं; पानाची परीक्षा तर ताईंनी आधीच मोडीत काढली होती. मी अंदाजाने दहा एका डब्यात, सात दुसऱ्यात टाकणार होतो. खरंच टाकणार होतो. हात उचलला होता.

दारात कमलताई उभ्या होत्या.

त्यांनी सासूबाईंना आत बसवलं, परातीपाशी आल्या, आणि सगळं समजल्या. मला वाटलं ओरडतील. त्या खाली बसल्या आणि परातीची कड दोन्ही हातांनी धरून मान खाली घालून बसून राहिल्या. मी मनात वीस मोजले. चाळीस मोजले.

मग डोळे उघडून त्यांनी विचारलं, भोंगा वाजला तेव्हा तुम्ही काय केलं, नीट सांगा. मी सांगितलं की मागे उडालो. त्या म्हणाल्या, आणि मी असती तर?

मी म्हणालो, तुम्ही काय, टेबल धरून बसला असता.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदराची सेफ्टीपिन काढली, तिच्या बोथट बाजूने परातीतल्या एका अळीच्या डोक्याला अगदी हळू टेकवलं. अळी विजेचा झटका बसल्यासारखी मागच्या मागे उडाली, अंग आपटत परातीच्या कडेवरून खाली पडली आणि धाग्याला लोंबू लागली. कमलताईंनी दुसरीला टेकवलं. ती जागची हलली नाही. तिने मागच्या पायांनी देठ घट्ट पकडला, पुढचं अंग वर उचललं, डोकं आत ओढून घेतलं आणि तशीच राहिली, दगडासारखी.

"ही तुम्ही," त्या लोंबणारीकडे बोट करून म्हणाल्या. "ही मी."

मग एकेक करून सतराही अळ्यांना त्यांनी घाबरवलं. मागे उडते ती सागाची, धरून बसते ती साजाची. मधलं काही नाही. दहा तिकडे, सात इकडे, आणि साजाच्या मुळात सातच होत्या. वेगळ्या केल्यावर सागवालीच्या समोर सागाचं पान ठेवलं, तर तिने धाग्यांचं बारीक जाळं विणलं आणि त्याखाली बसून शिरा सोडून मधलं हिरवं तेवढं खरवडायला लागली. साजावालीने कहुआचं पान कडेने, देठाला धरून, कुरतडायला घेतलं. सागाच्या पानाची जाळी का झाली होती ते तिथे, पितळेच्या परातीत, आम्हाला दिसलं. कमलताईंच्या कपाळावर घाम होता. सतरा वेळा त्यांचंही अंग शहारलं होतं, मी बघत होतो.

मी म्हणालो, ताई, तुम्हाला कसं सुचलं? त्या म्हणाल्या, "दुसरं मला काय येते, भैया? भीतीच येते."

पुढच्या दोन दिवसांत सागवाल्या पान गुंडाळून त्यात कोषात गेल्या. साजावाल्या खात राहिल्या आणि बोटाएवढ्या झाल्या. आता दिसायला दोन्हींत घोडा आणि मांजर एवढा फरक पडला होता. पण समितीला सागाचं पाखरू दाखवायचं होतं आणि ते निघत नव्हतं. नवव्या दिवशी नाही. दहाव्या दिवशी सकाळी मी गेलो तर कमलताई डब्यासमोर उभ्या, आणि खिडकीच्या काळ्या कागदावर नखाएवढं पिवळं पाखरू बसलेलं, पंखांवर लालसर नागमोडी रेघा. हरवलेली अकरावी अळी. मी आनंदाने ते पकडायला धावलो.

"ठेवा," कमलताई म्हणाल्या. "ही डब्याबाहेरची. कुठून आली ते मी सांगू शकत नाही. नाही नेणार."

मी हात जोडले. मी सांगितलं की कोणाला कळणार आहे. त्या म्हणाल्या की मला कळलं ना. आणि फग्गनच्या जिवाचा प्रश्न असताना त्या पाखराशिवाय, नुसते डबे घेऊन निघाल्या. रिक्षात त्यांचे दात वाजत होते. सप्टेंबरात.

समितीत तिघे अधिकारी होते. कमलताईंच्या हातांना मलमलीची गाठ सुटेना, शेवटी ती मी सोडली. सागावरून त्या सकाळी आणलेल्या ताज्या अळ्या आणि डब्यातल्या साजावाल्या त्यांनी शेजारी ठेवल्या आणि अध्यक्षांना म्हणाल्या, साहेब, पेन्सिलीने यांना घाबरवून बघा. अध्यक्षांनी टेकवलं. अळी उडाली, अध्यक्षही खुर्चीसकट वीतभर मागे गेले. दुसऱ्या दोघांनी हसू दाबलं. मग त्यांनी स्वतः आठ-दहा अळ्यांना टेकवून बघितलं. बघता बघता त्यांना त्यात रस आला. पण कागदावर एका पदवीधराची सही होती की जात एकच. अध्यक्षांनी कागद वर धरून विचारलं, ये दस्तखत किसके हैं?

कमलताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. टेबलाची कड धरून त्या खाली बघत राहिल्या. त्यांनी नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी एक पाऊल मागे सरकलो. मागे भिंत होती.

"माझी आहे," मी मराठीतच बोललो, इतका घाबरलो होतो. मग हिंदीत सांगितलं की मी बघितलंच नव्हतं.

अध्यक्षांनी उद्या सकाळपर्यंत वेळ दिला. पाखरू निघालं तर ठीक.

दुसऱ्या सकाळी डब्यात तीन पिवळी, नखाएवढी पाखरं होती; टसरचं पाखरू तळहाताएवढं असतं. मलमल बांधलेली, गाठीवर साहेबांच्या शिपायाने आदल्या दिवशी लावलेली लाख शाबूत. माझी बदली खोकी ठोकायच्या शेडमध्ये झाली. तिथे सही लागत नसे.

फग्गन परत आला त्या दिवशी त्याची बायको अजून तिथेच बसली होती. तो कमलताईंच्या पायाशी वाकला तशा त्या दचकून मागे झाल्या. जन्मात एकदाच मी त्यांना मागे होताना बघितलं. तो बारा दिवसांत वाळला होता, गालावर एक काळा डाग होता, त्याबद्दल कोणी विचारलं नाही. त्याने विचारलं ते एवढंच, "ताईजी, मेरे वाले कितने बचे?"

सातच्या सात होत्या. त्याने डबा छातीशी धरला आणि कुंडमच्या बसकडे निघाला. नोकरीवर तो परत आला नाही.

पुढे सहा-सात वर्षं गेली. आणखी एक लढाई झाली, आणखी काळा कागद लागला, कमलताईंनी आणखी हजारो वेळा वीस मोजले. मग माझी बदली दुसऱ्या गावच्या कारखान्यात झाली. निघण्याआधी एक निरोप आला होता, फग्गनचा, की आता पन्नास साजांवर कोशाच्या अळ्या आहेत, ताईजींना घेऊन या. कमलताई बसने जायला घाबरत, जंगलाला घाबरत, आणि अळ्यांना तर. त्या आल्या. पूर्ण रस्ता त्यांनी समोरच्या सीटची दांडी सोडली नाही.

फग्गनच्या घरी चहा झाला. त्याची मुलगी, ती फाटकाशी कुशीत असलेली, पाटी घेऊन शाळेला निघाली होती. मग आम्ही झाडांखाली गेलो. साजाच्या फांद्यांवर अंगठ्याएवढ्या हिरव्यागार अळ्या, अंगावर चांदीचे ठिपके. एवढ्या खात होत्या की पावसासारखा बारीक आवाज येत होता. मी लांब उभा राहिलो. फग्गनने एक फांदी खाली वाकवली आणि म्हणाला, "छू लो, ताईजी. कुछ नहीं करेगी."

कमलताईंनी डोळे मिटले. अंगावर तो शहारा आला, मी बघितला, तेवढाच, एक कणही कमी नाही. मग त्यांनी बोट पुढे केलं आणि अळीच्या पाठीवर टेकवलं. अळीने देठ पकडला, पुढचं अंग उचललं, डोकं आत ओढलं आणि थिजली. कमलताईही थिजल्या. एका हाताने फांदी धरलेली, मान खाली, ओठ हलत होते.

माझी परतीची बस हॉर्न देत होती. त्या दोन दिवस तिथेच राहणार होत्या. मी हाक मारली नाही. बसमध्ये चढलो, मागच्या खिडकीशी बसलो आणि बघत राहिलो. दोघी तशाच होत्या. वीस केव्हाच होऊन गेले असतील. बोट अळीच्या पाठीवरून उचललेलं नव्हतं.

घाबरायचं आधी कोणी सोडलं ते मला दिसलं नाही. रस्ता वळला.